थकलेल्या बाईची गोष्ट

सणासुदीला भांडण उकरून काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. पण माझे भांडण माणसाशी नाही, एका गोष्टीशी आहे. मी मास्तर; ती मीच वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरी, रोझा पार्क्स नावाची एक शिवणकाम करणारी बाई १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी थकूनभागून बसने घरी निघाली होती. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला तिने नकार दिला. तिला अटक झाली, मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषणे केली आणि कृष्णवर्णीयांना हक्क मिळाले! मुले उत्तरपत्रिकेत हेच लिहितात आणि मी पैकीच्या पैकी गुण देतो.

ही गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. आणि अर्धी गोष्ट खोटीहून घातक असते.

रोझाबाई तेव्हा अवघ्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. आपण अंगाने थकलो नव्हतो, मान तुकवण्याला कंटाळलो होतो, असे त्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेच्या त्या १९४३ सालीच चिटणीस झाल्या होत्या. आणि बहिष्काराची कल्पना त्या संध्याकाळी आकाशातून पडली नाही. जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या अध्यापिकेने २१ मे १९५४ रोजीच नगराध्यक्षांना स्त्रियांच्या संघटनेतर्फे पत्र लिहून बजावले होते, की बसच्या उतारूंत तीनचतुर्थांश आम्ही आहोत. आम्ही बसलो नाही तर तुमच्या बसगाड्या चालणार नाहीत. रोझाबाईंना अटक झाली त्याच रात्री या बाईंनी कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके छापून काढली. सोमवारी, ५ डिसेंबरला बसगाड्या ओस पडल्या. सव्वीस वर्षांचे किंग अध्यक्ष निवडले गेले ते त्याच दिवशी, ठिणगी पडल्यानंतर!

पुढे ३८१ दिवस लोक पायी चालले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. त्या मोटारींच्या पेट्रोलला पैसा कोठून आला? या अंकाच्या वाचक गृहिणींनी हे जरूर ऐकावे. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईने मैत्रिणी जमवल्या. त्यांनी घरोघरी कोंबडी तळली, केक भाजले, विकले, आणि पैसे सभेत आणून दिले. देणाऱ्यांची नावे कोणाला कळू नयेत म्हणून मंडळाचे नाव ठेवले ‘कुठलाच नाही’ अशा अर्थाचे. किंग यांच्या खटल्यात साक्ष दिल्याबद्दल जॉर्जियाबाईंची नोकरी गेली. चूल मात्र विझली नाही.

आणि क्लॉडेट कॉल्व्हिन? रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, ही पंधरा वर्षांची शाळकरी पोर अशीच बसमध्ये ठाण मांडून बसली आणि बेड्या घालून नेली गेली. पुढाऱ्यांना ती लढ्याचा चेहरा म्हणून पसंत पडली नाही: वय कोवळे, घर गरीब, पुढे तर कुमारी माता. तरीही ज्या दाव्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ रोजी बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला, त्याच्या चार वादी स्त्रियांत क्लॉडेट होती, रोझाबाई नव्हत्या. क्लॉडेटच्या नावावरचा तो जुना गुन्हा पुसला गेला २०२१ साली, तिच्या वयाच्या ८२ व्या वर्षी.

किंग यांची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. कमी होते ती आपली सोय. अर्धी गोष्ट आपल्याला प्रिय का? ती आपल्याकडून काही मागत नाही म्हणून! महापुरुषाला हार घातला, हात जोडले, की आपण घरी जायला मोकळे. पुरी गोष्ट मात्र विचारते: तू पत्रके वाटशील का? चूल पेटवशील का? वर्षभर पायी चालशील का? आणि गरिबाघरची पोर आधी उभी राहिली, तर तिच्या मागे उभा राहशील का?

यंदा वर्गात मी पुरी गोष्ट सांगणार आहे. उत्तर लांबेल आणि तपासायला वेळ लागेल. लागू दे!