घड्याळाची मिनिटे आणि घामाचे तास

मनगटावरचे घड्याळ वेळ दाखविण्यासाठी असते, ही समजूत आता जुनी झाली. आजचे घड्याळ आपण किती पावले चाललो, नाडीचे ठोके किती पडले, झोप किती झाली आणि दिवसभरात आपण किती मिनिटे ‘सक्रिय’ होतो, याचा जाब धन्यालाच विचारू लागले आहे. पहाटे उद्यानात फेऱ्या घालणारी मंडळी परतताना एकमेकांची प्रकृती विचारण्याऐवजी एकमेकांचे आकडे विचारतात. सुटीच्या दिवशी हीच मंडळी अनमोडचा घाट चढून जोयडा तालुक्यात उतरतात, गणेशगुडीला काळी नदीच्या खळखळत्या प्रवाहात होड्या हाकतात आणि काठावर येताच, त्या श्रमाची नोंद घड्याळात झाली की नाही हे आधी पाहतात. त्याच वाटेने डोक्यावर जळणाचा भारा घेऊन एखादी कुणबी बाई जात असते. तिच्या मनगटात बांगड्या असतात; घड्याळ नसते. ते असते, तर त्याने तिच्या श्रमाचा हिशेब खरा मांडला असता काय, हा प्रश्न वरकरणी गमतीचा वाटला तरी त्याच्या पोटात पुष्कळ काही दडलेले आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, आम्ही या यंत्राचे वैरी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, प्रौढांपैकी २६.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. ज्या समाजाला खुर्ची जडली आहे, त्याला उठवून चालावयास लावणारे कोणतेही साधन त्याज्य मानता येणार नाही. मात्र साधनाचा उपयोग करावयाचा, तर ते काय मोजते आणि काय मोजीत नाही, याचे भान हवे.

हे घड्याळ दोन गोष्टींवर चालते. त्यात हालचाल टिपणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. चालताना हात मागेपुढे झुलतो, त्या झोक्यांच्या लयीवरून यंत्र पावले मोजते. दुसरे साधन म्हणजे घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते; नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण वाढते व ओसरते, आणि परतणाऱ्या प्रकाशातील चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, मनगट सारखे वळत असले, तर या मोजणीत चूक होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० जणांवर अशी सात यंत्रे पारखून पाहिली गेली. सातांपैकी सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर सांगितली. मात्र शरीराने किती उष्मांक खर्च केले, हे सांगताना सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणजे ठोका मोजणे यंत्राला साधले. त्या ठोक्यामागचा श्रम मोजणे साधले नाही.

तरीही व्यायाम हलका, मध्यम की तीव्र, हे यंत्र ठरविते ते मुख्यतः या ठोक्यांवरूनच. त्यासाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्रास वापरले जाते. पन्नाशीच्या माणसाच्या नाडीची कमाल मर्यादा त्यानुसार १७० ठरते, आणि तिच्या ६४ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे साधारण १०९ ते १२९ ठोके पडले की श्रम मध्यम समजले जातात. १९७१ साली प्रचारात आलेले हे सूत्र कोणा एका काटेकोर प्रयोगातून निघालेले नाही. उपलब्ध आकड्यांतून काढलेला तो एक ढोबळ अंदाज आहे, आणि एकाच वयाच्या दोन माणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ साली सुचविलेली रीत अधिक समंजस आहे. ती विश्रांतीच्या वेळची नाडीही हिशेबात घेते. पन्नाशीच्याच दोघांपैकी एकाची विश्रांतीची नाडी ८० आणि दुसऱ्याची ५५ असेल, तर पहिल्याचा मध्यम श्रम ११६ ठोक्यांना सुरू होतो, दुसऱ्याचा १०१ ला. फिटबिट या कंपनीने २०२० पासून जी ‘सक्रिय मिनिटे’ मोजावयास आरंभ केला, त्यात याच धर्तीवर मध्यम श्रमाच्या मिनिटाला एक व तीव्र श्रमाच्या मिनिटाला दोन असे गुण ठरविले. ॲपलचे घड्याळ झपाझप चालण्याइतकी किंवा त्याहून अधिक हालचाल झाली, तरच ते मिनिट व्यायामाच्या खाती जमा करते.

श्रम मोजण्याचे शास्त्रज्ञांचे एक सर्वमान्य माप आहे. त्याला ‘मेट’ म्हणतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर मिनिटाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो, असे धरून तो एक मेट मानतात. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम श्रम, त्यापुढे तीव्र. हा साडेतीनचा आकडा रूढ झाला तो सुमारे ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून. पुढे अनेकांच्या शरीरांना तो जुळत नाही असे आढळले, तरी माप मात्र तेच राहिले.

आता हे माप घेऊन जोयड्याला जाऊ. हा तालुका म्हणजे दाट जंगल, विरळ वस्ती आणि चढउताराच्या वाटा. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. आजही अणशी, डिग्गी, कुंभारवाडा या बाजूच्या पाड्यांवरील माणसाला दुकान, शाळा, दवाखाना यांसाठी किती चालावे लागते, हे तिकडे गेलेल्यास सांगावे लागत नाही. येथला कुणबी भात पिकवितो आणि नाना जातींचे कंद लावतो. या कंदमुळांचा मेळाच जोयड्यात भरतो. कंद जमिनीतून उकरून काढणे हे उभ्याने हात झुलवून करावयाचे काम नव्हे. डोक्यावरचा भारा वा कळशी एका हाताने धरून चालणाऱ्या बाईचा तो हात झुलत नाही. घड्याळ त्याच हातात असेल, तर तिची पुष्कळशी पावले त्याच्या लेखी पडतच नाहीत. भाऱ्याचे ओझे किती, चढ किती उभा, हे हालचालीच्या संवेदकाला कळण्याचा मार्ग नाही. तासन्‌तास वाकून भाताची लावणी करताना पाऊल जेमतेम वीतभर सरकते. डॉक्टर एक सोपी कसोटी सांगतात: श्रम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तर तो श्रम मध्यम. लावणीच्या चिखलात उभ्या राहून गाणी म्हणणाऱ्या बायका या कसोटीवर बहुधा नापासच होतील!

यातील खरी मेख नाडीत आहे. जन्मभर चढ चढलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकते. तेवढ्याच कामाला त्याला कमी ठोके लागतात. जो चढ शहरी पाहुण्याच्या नाडीला १४० पर्यंत नेतो, तो चढताना पाड्यावरच्या माणसाची नाडी शंभरीच्या आसपास राहू शकते. वयाच्या सूत्रावर चालणारे यंत्र पाहुण्याला भराभर गुण देईल आणि त्याचे ओझे वाहणाऱ्या वाटाड्याला आळशी ठरवील. शरीर जितके कसलेले, तितकी सक्रिय मिनिटे कमी, असा हा उफराटा न्याय आहे. यंत्राचा यात दोष नाही. ते बसून काम करणाऱ्याला उठविण्यासाठी घडविले गेले. दिवसभर उभा असणारा माणूस त्याच्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर नव्हताच.

याला दुसरी बाजूही आहे. शेतकऱ्याला आणि मजुराला व्यायाम भरपूर घडतो, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची चिंता नको, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ती चुकीची आहे. कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांचा मागोवा घेऊन २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फावल्या वेळात केलेली हालचाल आयुष्य वाढविणारी आढळली, तर कामावर कराव्या लागणाऱ्या जड श्रमाबरोबर हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण त्याचे सुचविलेले कारण आपल्या अनुभवाशी जुळते: व्यायामानंतर विश्रांती असते, मजुरीनंतर नसते. व्यायाम करणारा दमला की थांबतो. ओझे वाहणारा ठिकाणावर पोहोचल्यावरच थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली, तेव्हा घरकाम, रोजगार आणि चालत केलेला प्रवासही त्यात धरला. जोयड्याच्या कष्टकरी बाईचा हा आठवड्याचा कोटा सोमवारी दिवेलागणीपूर्वीच भरत असेल. तिला उणीव आहे ती मिनिटांची नव्हे. पोटभर सकस अन्नाची, पाठ टेकण्याची आणि वेळेवर भेटणाऱ्या डॉक्टरची आहे.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, माप जोवर माणसाच्या हाती असते तोवर ते त्याचे सेवक. दुसऱ्याच्या हाती गेले की ते न्यायाधीश होते. २०२० साली विमा नियामक प्राधिकरणाने, आरोग्याच्या चांगल्या सवयी पाळणाऱ्या ग्राहकांना गुण व सवलती देण्याची वाट विमा कंपन्यांना मोकळी करून दिली. हेतू चांगला आहे. पण सवलतीचा पुरावा मनगटावरचा आकडा ठरला, तर ती उद्यानात फेऱ्या मारणाऱ्याला मिळेल, नांगर धरणाऱ्याला नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधली. झाडणाऱ्याचा घाम मोजण्यापेक्षा तो नेमल्या हद्दीबाहेर गेला का, हे पाहणे साहेबाला अधिक सोयीचे वाटले. ही वाट पुढे कोठे जाते, हे ओळखण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही. उद्या मजुराची ‘सक्रिय मिनिटे’ मोजून त्यावरून मजुरी ठरविण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आलीच, तर त्या यंत्राला भारा आणि चढ दिसत नाहीत, हे आजच सांगून ठेवलेले बरे.

म्हणून आमचे म्हणणे दोन ठिकाणी आहे. शासनाने आणि विमा कंपन्यांनी या आकड्यांना पुरावा मानू नये. कष्टकऱ्यांच्या आरोग्याची पाहणी करावयाची, तर आरोग्यसेविकेने पाड्यावर जाऊन रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासावे. गुडघे आणि कंबर यांच्या दुखण्याची नोंद घ्यावी. आणि वाटेअभावी रुग्णाला डोलीतून न्यावे लागते, त्या वाटेचीही लांबी मोजावी. जोयड्यातील तरुण आज कामासाठी गोव्यात येतो, पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बारा तास बसतो, आणि गावी जाताना मोटारसायकल घेऊन जातो. खुर्चीचे रोग त्याच्या मागोमाग पाड्यावर पोहोचावयास वेळ लागणार नाही. त्याला घड्याळाचा उपयोग होईल. त्याच्या आईला नाही. हा भेद आरोग्य खात्याला कळला पाहिजे.

आमच्या वाचकांनी घड्याळ खुशाल बांधावे. त्यातला आकडा शेजाऱ्याशी ताडून न पाहता आपल्याच गेल्या महिन्याशी ताडावा. नाडीपेक्षा श्वासावर विश्वास ठेवावा. आणि छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर गुण पुरे होण्याची वाट न पाहता थांबावे. माघात उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला दूरदूरच्या गावांतून बैलगाड्या येतात, माणसे पायी येतात. त्यांतले कोणी सक्रिय मिनिटांसाठी येत नाही. चालणे हा ज्यांच्या जगण्याचा भाग आहे, त्यांना तो मोजून दाखविण्याची गरज पडत नाही. आणि ज्यांना ती पडते, त्यांनी आपल्या मापाने त्यांना मोजू नये, एवढा विवेक बाळगण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.