अंदाजपंचे? अजिबात नाही

"रँडम बिंदू टाकून घनफळ काढायचं? म्हणजे अंदाजपंचेच की!" हा शेरा इतक्या वेळा ऐकलाय की म्हटलं, आज लिहूनच टाकू.

आल्याचा एक वेडावाकडा तुकडा घ्या. पाण्यात बुडवता आला तर प्रश्नच मिटला, आर्किमिडीजची कृपा! पण तो कॉम्प्युटरमधे असेल आणि हाताशी फक्त "हा बिंदू आत की बाहेर" एवढं सांगणारं फंक्शन असेल, तर? त्याच्याभोवती १० × ६ × ४ सेंमीचं खोकं कल्पायचं आणि त्यात १०,००० बिंदू कुठेही टाकायचे. समजा ३,१०० तुकड्याच्या आत पडले. २४० चे ३१ टक्के, म्हणजे ७४.४ घन सेंमी. झालं! हीच मॉन्टे कार्लो पद्धत. तिची कल्पना स्टॅनिस्लॉ उलामला १९४६ मधे सुचली, आजारपणातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत असताना.

मला आवडतं ते पुढचं. हेच आकडे उत्तर कितीने चुकू शकतं तेही सांगतात: ९५ टक्के खात्रीने, साधारण २.२ घन सेंमी इकडे-तिकडे. चूक दहापट कमी हवी? बिंदू शंभरपट टाका. "तीन आठवड्यांत होईल" म्हणणाऱ्या मॅनेजरला कधी "अधिक-उणे किती?" असं विचारून बघा. माझ्या मते खरं अंदाजपंचे ते!

हां, एक मोठी गोम आहे. मिती वाढल्या की खोकं दगा देतं. (इतक्या मिती कुठून येतात? पोर्टफोलिओत २० शेअर असले की झाल्या २० मिती.) घनात बसवलेला गोल तीन मितींत ५२ टक्के जागा व्यापतो, १० मितींत जेमतेम पाव टक्का. २० मितींत चार कोटी बिंदूंमागे एखादाच आत पडतो. दहा लाख टाकलेत तर बहुधा उत्तर शून्य, आणि नेहमीच्या सूत्राने चूकही शून्य! म्हणजे तो अधिक-उणेही डोळे मिटून घ्यायचा नाही.

यावरचा उपायही रँडमच निघाला. बहिर्वक्र आकारांसाठी डायर, फ्रीझ आणि रवी कन्नन (आपल्या आयआयटी मुंबईचे) यांनी तो १९८९ मधे दिला. बाहेरून बिंदू फेकत बसण्याऐवजी आकाराच्या आतच रँडम भटकायचं, आणि एकात एक बसणाऱ्या आकारांची गुणोत्तरं काढत पुढे जायचं. नुसतं आत-बाहेर विचारून, रँडमशिवाय, एवढ्या मितींत हे व्यवहार्य वेळात जमत नाही, हे त्याआधीच सिद्ध झालं होतं.

आलं मात्र यात बसत नाही, त्याला खाचखळगे फार. पण ते बिचारं तीनच मितींत असतं, त्याला खोकं पुरतं.