उन्हातले डबे

महामार्गावरच्या टपऱ्यांसमोर एनर्जी ड्रिंकच्या डब्यांचे मनोरे भर उन्हात रचलेले असतात. डब्याच्या तळावर ठिपक्याठिपक्यांत छापलेली अंतिम तारीख सावलीत, कोरड्या जागी केलेली साठवण गृहीत धरते. विदर्भातल्या मे महिन्यातल्या फुटपाथाचा हिशेब तिच्यात नसतो. उष्णतेने आतल्या वायूचा दाब वाढतो, बी गटातली काही जीवनसत्त्वे झिजतात, चव उतरते. कॅफिन मात्र जवळपास तसेच राहते. म्हणजे आरोग्याचा जो टिळा लावून माल खपतो तो पुसट होतो, झटका कायम! पेय आम्लधर्मी, म्हणून जंतू सहसा वाढत नाहीत. पण डब्याला पोचा पडून आतल्या अस्तराला तडा गेला, तर तेच आम्ल ॲल्युमिनियमला खाऊ लागते. फुगलेला वा पाझरणारा डबा सवलतीतही नको. फ्रीझरमध्ये तर ठेवूच नये, गोठताना पाणी प्रसरण पावते आणि डबा फुटतो. पावसाळ्यात झाकण धुतल्याशिवाय तोंडाला लावू नये. गोदामात उंदीर असतातच, आणि उंदरांमुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबईला नवा नाही.

ऑनलाइन विक्रेत्यांनी माल पोहोचवताना किमान 30 टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला 45 दिवस शिल्लक असावेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये बजावले. नाक्यावरच्या ‘एकावर एक मोफत’ ढिगाऱ्याकडे मात्र कोण पाहते? अन्न व औषध प्रशासनाने उन्हाळी तपासणीत बर्फगोळ्यांबरोबर हे डबेही उलटून बघावेत.