हिशेब वाचणारा माणूस

विद्यार्थ्यांनो, हिशेब, जमा, खर्च, नफा हे शब्द तुम्हांला नव्याने शिकवावे लागत नाहीत. ते तुमच्या उर्दूतही आहेत. याच शब्दांवर ज्याचे पोट चालते, त्याला वित्तीय विश्लेषक म्हणतात. कंपनीचा ताळेबंद वाचून तिच्यात पैसे गुंतवावेत की नाही, हे तो सांगतो.

पुष्कळांना वाटते, की गणितात पहिला येणाराच हे काम करू शकतो. मला तसे वाटत नाही. शेकडेवारी आणि गुणोत्तर तर शाळेतच येते. पुढे बी.कॉम., मग सी.ए. किंवा तीन परीक्षांचा सी.एफ.ए. करता येतो. मेहनत लागते, पण खरी अडचण वेगळीच आहे. दुकानदाराने सगळा माल उधार विकला, तर वहीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा राहतो. कंपनीचेही तसे होऊ शकते. म्हणून पैसा खरोखर हातात आला का, हे विचारावे लागते.

हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या ताळेबंदात भरपूर शिल्लक दिसत होती. एवढा पैसा नुसता पडून का, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी लावून धरला. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनीच कबूल केले, की त्यातले ५,००० कोटींहून अधिक रुपये मुळात नव्हतेच! त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला. कित्येक साध्या माणसांची पुंजी त्यात होती. सगळे ‘घ्या, घ्या’ म्हणत असताना ‘थांबा’ म्हणणारा विश्लेषक त्यांना हवा होता.