ट्रेवर तारीख लिहिता, मग गहू का नाही?

पनवेलमधले मिठाईवाले, गणेशोत्सव मंडळे आणि प्रसादाची वाटी आग्रहाने पुढे करणाऱ्या सर्व काकू-मावश्यांना नमस्कार.

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या प्रत्येक ट्रेपुढे ती कधीपर्यंत खाण्याजोगी आहे ती तारीख लावणे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सक्तीचे केले. ही पाटी कुठे लागते, कुठे तीच पाटी आठवडाभर हलत नाही, तो वाद वेगळा. आमचे म्हणणे त्या पाटीवर उरलेल्या कोऱ्या जागेबद्दल आहे. तिथे एवढेच लिहा: ‘गहू आहे’ किंवा ‘गहू घातलेला नाही’.

हे मागणारे आम्ही कोण? आमच्या घरात कुणाला ना कुणाला सीलिॲक आहे. लोक याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणून मोकळे होतात, पण अंगावर पित्त उठून तासाभरात बसावे असे हे प्रकरण नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग मुलाची उंची खुंटते, पोट फुगते, जुलाब थांबत नाहीत. मोठ्यांचे रक्त लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही, हाडे ठिसूळ होतात. यावर गोळी नाही, लस नाही. ही तीन धान्ये जन्मभर सोडायची, हाच उपचार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा अशी मुले उलट सुधारताना विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने पाहिली आणि गव्हावरचा त्याचा संशय पक्का झाला.

आता दुकानात या. ‘यात गहू आहे का?’ असे विचारले की काउंटरवरून हमखास उत्तर येते, ‘नाही हो, मैदा आहे.’ दुसरीकडे, ‘गहू नाही, थोडा रवा आहे.’ हसू येते, पण पोर बरोबर असेल तर हसता येत नाही. बालुशाही, जिलेबी, गुलाबजाम, शंकरपाळी, चिरोटे ही नावे आम्हाला पाठ आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जातच नाही. धोका बिनधोक दिसणाऱ्या ट्रेमध्ये असतो. बेसनाचा लाडू कणीदार व्हावा म्हणून त्यात रवा पडतो. रसगुल्ला फुटू नये म्हणून छेन्याला मैदा लावणारे आहेत. सणासुदीला खव्यात पीठ मिसळलेले निघते. (थोडा खवा बाजूला काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा पडला तर स्टार्च आहे. तो बटाट्याचा की गव्हाचा, हे आयोडीन सांगत नाही, आणि तपासलेला तुकडा अर्थातच फेकून द्यायचा.) मोतीचुराची बुंदी निव्वळ बेसनाची असेलही, पण ती जिलेबीच्याच कढईत तळली असेल तर उपयोग काय? काजूकतली काजू-साखरेचीच, ती कापणारी सुरी मात्र आधी कशावर फिरली? शेजारच्या फरसाणाचेही तेच. त्यात पडणाऱ्या डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, हे बऱ्याच सुगरणींनाही ठाऊक नसते.

‘अहो, एवढ्याशाने काय होतंय?’ हे वाक्य आम्ही डॉक्टरांच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकले आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याला इजा होते, हे रुग्णांवरच्या अभ्यासात दिसले आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे कणीक जेमतेम अर्धा ग्रॅम, चिमटीत मावेल इतकी. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा एक घास याच्या कितीतरी पुढे जातो. ‘देवाचा प्रसाद बाधत नाही’ ही तुमची श्रद्धा आम्हालाही प्रिय आहे, पण आतड्याला रव्याचे कूळ कळते, तो कुणी वाटला हे कळत नाही. आणि खपली गहू चालतो असे सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती: खपलीही गहूच आहे, ग्लुटेन तिच्यातही आहे.

‘हा तर उत्तरेकडच्यांचा आजार,’ असेही आम्हाला ऐकवतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर भारतात प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले, हे खरे. पण खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या कुठल्याही सोसायटीतल्या दारांवरच्या पाट्या वाचा. सगळा देश इथे राहायला आला आहे. आणि तो आला नसता, तरी इथल्या एका मुलाचे आतडे टक्केवारीने बरे होत नाही.

दुकानदारांची भीती आम्ही समजतो: ‘लिहिले आणि काही झाले तर आमच्या गळ्यात.’ म्हणूनच ‘ग्लुटेन-फ्री’ लिहा असे आम्ही म्हणतच नाही. त्या शब्दाला कायदा आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच तो लावता येतो. बाजूच्या कढईत जिलेबी तळत असताना तो फलक कुणी लावू नये. तो लावण्यापेक्षा गप्प बसणे बरे. तुम्ही फक्त काय घातले तेवढे लिहा, आणि ‘एकाच कढईत तळले आहे’ हेही लिहा. पाकीटबंद खाऊवर ग्लुटेनचे धान्य असल्यास ते छापावे लागते. मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूवर ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. सुट्या मिठाईला मात्र तारीख पुरते. या फटीकडे अन्न व औषध प्रशासनाने बघायला हवे. तोवर एक पुठ्ठा आणि एक पेन यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.

खरे तर या गावात ही अडचण असायलाच नको होती. पनवेल, पेण, उरण, कर्जत हा सगळा भाताचा मुलूख. इथल्या आगरी घरात भाकरी तांदळाची. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, घावन-घाटलं, खांडवी, नारळाच्या रसातल्या शिरवळ्या: आपल्या आज्यांचे सणाचे निम्मे गोड गव्हावाचून झाले. उपवासाचे ताट पाहा: वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. एकादशीला आमची मुले राजासारखी जेवतात! फक्त धान्य धुऊन-वाळवून त्याचे पीठ घरी दळलेले हवे. गिरणीच्या जात्यात आधीचा गहू उरतोच. विकतच्या मोदकांच्या उकडीत मैदा आहे का, हेही विचारूनच घ्या.

मंडळांना एकच मागणी. आरतीनंतर शिऱ्याशेजारी खिरापतीची वाटी ठेवा: खोबरे, खसखस, खारीक, खडीसाखर, खिसमिस. तिला चमचा वेगळा, आणि तो शिऱ्यात बुडवू नका. एखाद्या मुलाने शिरा नाकारला तर त्याच्या आईला ‘लाड करता तुम्ही’ म्हणू नका.

दुकानदारांनो, गणपतीच्या आत पाट्या लावा. पाट्या नसलेल्या दुकानांत आम्ही सणाची खरेदी करणार नाही, आमच्याबरोबर आमचे शेजारी आणि सोयरेही करणार नाहीत. पाट्या लावणाऱ्यांची नावे आम्ही सोसायटी-सोसायटीत सांगू, आणि आमचे किलोकिलोचे डबे तिथूनच भरतील.

गहू वर्ज्य असलेली काही पनवेलकर कुटुंबे