एका आमदाराची कारकीर्द आणि शहराची तहान

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत श्री. चंद्रकांत खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. ज्या मतदारसंघाने त्यांना १९९९ पासून लागोपाठ चार वेळा लोकसभेत पाठविले, तेथे विजयी झाले ते दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या पक्षातून बाहेर पडलेले श्री. संदिपान भुमरे, आणि दुसरे स्थान मिळाले मजलिसच्या श्री. इम्तियाज जलील यांना. एका ज्येष्ठ नेत्याचा पराभव एवढ्यावरच ही बातमी संपविता आली असती. परंतु मराठवाड्याच्या या मुख्य शहराने गेल्या चार दशकांत कोणते राजकारण जवळ केले आणि त्यातून त्याच्या पदरी काय पडले, याचा हिशेब खैरे यांच्या कारकीर्दीइतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणाच्या कारकीर्दीत मांडलेला दिसत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी तो तपासावयास हवा, कारण या हिशेबात एक रकाना आपलाही आहे.

या मतदारसंघाचा पूर्वेतिहास आज अनेकांच्या विस्मरणात गेला आहे. १९५७ साली येथून स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेत गेले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये येथील मतदारांनी राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेल्या बापू काळदाते यांना निवडून दिले. १९८० मध्ये निवडून आले ते काझी सलीम, म्हणजे उर्दूचे एक नामवंत कवी. उमेदवाराचा धर्म पाहून मत देणे हा या शहराचा मूळ स्वभाव होता, असे म्हणणाऱ्यांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. मग अवघ्या एका दशकात चित्र पालटले ते कशामुळे?

त्याचे उत्तर १९८५ च्या आसपास शोधावे लागते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आधीच उभी होती. त्याच वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बीड, जालना, परभणीच्या कोरडवाहू गावांतून तरुणांचे लोंढे शहरात आले. सिडकोच्या घरांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत ते दाटीवाटीने राहू लागले. कायम कामगारांसाठी संघटना होत्या. परंतु तात्पुरत्या कामावरचा, कंत्राटदाराच्या हाताखालचा, किंवा कामाच्या शोधात नुसताच हिंडणारा तरुण कोणाच्याच सभासद-नोंदणीत नव्हता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात शिवसेनेची शहरातील पहिली शाखा उघडली. रेशनकार्ड, दवाखाना, पोलीस ठाणे, शाळेतील प्रवेश, या प्रत्येक अडचणीच्या वेळी शाखेचा फळा आणि शाखेतला माणूस त्या तरुणाला दिसू लागला. विचार त्याने मागाहून घेतला. आधी त्याला ओळख मिळाली.

खैरे हे या शाखा-संस्कृतीचे अपत्य होत. १९८८ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तीत ते नगरसेवक झाले आणि पक्षाने एकदम २७ जागा घेतल्या. १९९० आणि १९९५ मध्ये औरंगाबाद पश्चिममधून ते विधानसभेवर गेले, युती सरकारात मंत्री झाले, आणि १९९९ मध्ये माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांचा पराभव करून लोकसभेत पोहोचले. घराणे नाही, साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही. लग्नात आणि मयतीत हजर राहणारा, हाक मारली तर वाड्यावर येणारा साधा माणूस एवढ्या बळावर इतके वर गेला, ही गोष्ट लोकशाहीच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. सहकारसम्राटांच्या महाराष्ट्रात ती विशेष होय.

तथापि, या माणसाच्या हाती जो कार्यक्रम दिला गेला, तो काय होता? ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरून शहराला ‘संभाजीनगर’ म्हणण्याची घोषणा केली. त्याआधीच्या दशकात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला होता, आणि त्यावरून दलितांची घरे जाळली गेली होती. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. शिवसेना विरोधात होती. म्हणजे एका नावाला विरोध आणि दुसऱ्या नावाचा आग्रह, या दोन टोकांच्या मध्ये शहराचे राजकारण बांधले गेले. ‘खान हवा की बाण हवा’ ही घोषणा निवडणुकांमागून निवडणुकांत घुमत राहिली. तिच्यात पाणी नव्हते, मजुरी नव्हती, घर नव्हते. प्रश्न एकच होता आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते.

आता पाण्याकडे पाहू. पैठणचे जायकवाडी धरण शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाची क्षमता १०० अब्ज घनफुटांहून अधिक. एवढा जलाशय उशाशी असताना शहरातील नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी यावे, ही निसर्गाची अवकृपा नव्हे. समांतर जलवाहिनीची सुमारे ७९२ कोटींची योजना आली. खैरे यांनी तिचा आग्रहाने पाठपुरावा केला. परंतु पाणीपुरवठा खाजगी कंपनीच्या हाती सोपविण्यात आला, जनतेत असंतोष उसळला, आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे २७४० कोटींवर गेला आणि कामावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. दरम्यान, एप्रिल २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकाच पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला जाब विचारण्यासाठी नगरसेवकसुद्धा उरला नव्हता.

याचा सारा दोष एकट्या खैरे यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नळाचे काम खासदाराचे नव्हे, महापालिकेचे, असे कोणी म्हटले तर ते कायद्याने बरोबरच आहे. परंतु त्या महापालिकेत बहुतांश काळ सत्ता त्यांच्याच युतीची होती. मते मागताना जो नेता शहराचा तारणहार असतो, त्याला हिशेब देताना निव्वळ खासदार होता येत नाही.

एका समाजाच्या नावाने उभे केलेले राजकारण दुसऱ्या समाजात आपले प्रतिबिंब निर्माण करते, हा नियमही येथे चुकला नाही. २०१४ मध्ये युती तुटली, मते फुटली आणि औरंगाबाद मध्यमधून जलील विधानसभेवर गेले. २०१९ मध्ये मजलिस आणि वंचित बहुजन आघाडी एकत्र आल्या. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली. आणि खैरे ४,४९२ मतांनी हरले. नामांतराच्या लढ्यात पोळलेली वस्ती त्या दिवशी कोणाबरोबर गेली असेल, हे वेगळे सांगावयास नको. मात्र २०२४ च्या लोकसभेत जलील हे १,३४,६५० मतांनी पडले, तेव्हाही शहराच्या पाण्याचा प्रश्न होता तेथेच होता.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जिल्ह्यातील पक्षाच्या सहा आमदारांपैकी पाच एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. कन्नडचे उदयसिंह राजपूत तेवढे उरले. त्याच महिन्याच्या अखेरीस मावळत्या मंत्रिमंडळाने शहराच्या नामांतराला मंजुरी दिली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावावर शिक्कामोर्तब केले. ज्या मागणीवर चौतीस वर्षे राजकारण चालले, ती पुरी होण्याचा क्षण आणि पक्ष फुटण्याचा क्षण एकच ठरला. खैरे जागचे हलले नाहीत. सत्ता समोर असताना पराभूत पक्षाबरोबर राहण्याला मोल आहे, आणि ते विरोधकांनीही मान्य करावे. परंतु मतदाराने त्यांना त्याचे बक्षीस दिले नाही. का द्यावे? नावाचा प्रश्न सुटला होता. दुसरा प्रश्न त्यांनी कधी मतदाराच्या हाती दिलाच नव्हता.

या शहरात क्रांती चौक आहे. १८५७ मध्ये येथील छावणीतल्या घोडदळाच्या बंडखोर शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्यावर देहान्ताची शिक्षा झाली, त्याची आठवण या चौकाशी जोडलेली आहे. त्या शिपायांत हिंदू आणि मुसलमान अशी वाटणी करून कोणी गोळ्या झाडल्या नव्हत्या. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा याच चौकातून निघाला. शेतीचे अरिष्ट, शिक्षणाचा खर्च, न मिळणारी नोकरी हे त्या मूकपणामागचे दुःख होते. तीस वर्षे ‘आपले’ आमदार-खासदार निवडून दिल्यानंतरही लाखो लोकांना घोषणाही न देता चालावेसे वाटले, यातच त्या प्रतिनिधित्वावरचा निकाल आला.

आणि आपण? १९७७ चा विजय आपण सभागृहांत आणि परिषदांत साजरा केला. जनता पक्षाच्या भांडणांत पुढची वर्षे घालविली. मुकुंदवाडीच्या किंवा वाळूजच्या कंत्राटी मजुराच्या दाराशी आपण उशिरा गेलो, किंवा गेलोच नाही. खैरे यांच्या पक्षाने मोकळी पडलेली जागा भरली, एवढेच. म्हणून त्यांच्या पराभवाने हर्षित होण्याचे कारण नाही. ती जागा पुन्हा मोकळी होत असेल तर ती पैशाने भरली जाईल, की माणसांनी, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक वॉर्डात पाण्याच्या वेळापत्रकाची नोंद ठेवणारी, टँकरचा हिशेब मागणारी, कंत्राटी कामगाराचे हजेरीपत्रक तपासणारी पाच माणसे उभी करणे हे काम भाषणाइतके आकर्षक नाही. त्यात हिंदू, मुसलमान आणि बौद्ध अशी तिन्ही घरे एकाच रांगेत येतात, कारण नळ तिघांचाही कोरडा असतो. तेथून सुरुवात करावी.