पुनर्वाचनाने राखलेला ग्रंथ

१/ आवडते पुस्तक पुन्हा वाचणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे अनेकांना वाटते. आमच्या वरूडशेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

२/ इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून व इतर अनुयायांकडून मिळवून, पडताळून लिहिल्या. तेच मराठी गद्याचे आद्य लेणे, ‘लीळाचरित्र’.

३/ महानुभाव परंपरा सांगते की पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ज्यांनी तो ग्रंथ वारंवार वाचला-ऐकला होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध झाला. ‘हिराइसा पाठ’सारखे त्याचे निरनिराळे पाठ त्या स्मरणाचीच साक्ष देतात.

४/ यामागे श्रद्धा होतीच. पण माझ्या मते गोडीही होती. लीळा लहान, भाषा बोलती. प्रसंग ठाऊक असला की लक्ष शेवटाकडे धावत नाही. शब्दांवर, बोलण्याच्या लकबीवर रेंगाळते. जे रेंगाळून वाचले, तेच मुखोद्गत होते.

५/ आज आम्ही विद्यार्थी परीक्षेपुरते एकदा वाचतो, टिपणे काढतो आणि पुस्तक विसरतो. २०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, याचा आनंद आहेच. परंतु तेथील अभ्यासक्रमात एकच ग्रंथ दोनदा, तीनदा वाचण्यास सवड असावी. पोथ्या जपायला कपाटे पुरतात. ग्रंथ जपायला पारायण करणारे वाचक लागतात.